दत्तोबाचा गुडघा

नळावर सरूबाईनं हंडा धारेखाली सरकवला आणि मागं वळून तानुबाईला म्हणाली, "पेढे कुठायत वं? तुमच्या मालकांनी दोन गोल मारले म्हणं. न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचत हुते समदे. दत्तोबा काळे, असं ठळक छापलंय." कस्तुरा नेहमीसारखी जरा मागं, भिंतीच्या कडेला, बाकीच्यांचं भरून व्हायची वाट बघत उभी होती. कडेवर जाई होती आणि तिनं आईच्या काळ्या पोतीचा मणी तोंडात धरला होता. आता तानुबाई काय म्हणेल ते कस्तुराला ठाऊक होतं. ती म्हणेल, छे गं बाई, आमच्या माणसाला कुठलं आलंय फुटबॉल. मग हे बोलायचं नाही हे तिच्या ध्यानात येईल, ती जीभ चावेल आणि विषय बदलेल. पण तानुबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, मान जराशी खाली घातली आणि ती हसली. नव्या नवरीनं उखाणा घेतल्यावर हसावं तशी. "व्हय, मारल्यात की," ती म्हणाली. "पयल्यापास्नं चपळच हायती पळायला." बायका हसल्या. कस्तुराला वाटलं, आपल्या चुलीवरचं शिजलेलं भांडं कुणीतरी पदरानं धरून उचललं आणि आपल्यादेखत स्वतःच्या घरी नेलं. आणि जाताना ओळखीचं हसलीसुद्धा. तिची पाळी आली तेव्हा नळाची धार करंगळीएवढी झाली होती.

दोन्ही गोल भीमराजनं मारले होते. भीमराज, कस्तुराचा नवरा. ते दोन गोल होत होते त्या वेळी दत्तोबा काळे कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये भीमराजच्या मशीनवर उभा राहून पत्रे दाबत होता आणि हजेरीला भीमराजचं कार्ड पंच झालेलं होतं. लीगचा नियम असा, की कंपनीच्या संघात कंपनीचे कायम कामगारच उतरवायचे. दत्तोबा कायम होता आणि त्याला चेंडू हातानंसुद्धा धड धरता येत नव्हता. भीमराजच्या डाव्या पायात खडकीच्या सगळ्या मैदानांची धूळ मुरलेली होती, पण तो टेंपररी होता. म्हणून नाव दत्तोबाचं आणि पाय भीमराजचा. शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते, कारण संघ पुणे लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षं कुजत पडला होता आणि यंदा पहिल्यांदाच काहीतरी होईल असं वाटत होतं. काळेवाडीत मात्र कुणाला पत्ता नव्हता. गावचं माणूस सामने बघायला जात नसे. कंपनीचं मैदान जिथं होतं तिथं पूर्वी त्यांचीच वावरं होती, आणि जमिनी गेल्यापासून तिकडं बघायचंसुद्धा लोकांनी सोडलं होतं. घरटी एक नोकरी मिळाली होती. काळ्यांच्या घरात ती दत्तोबाला मिळाली, आणि प्रेस शॉपमध्ये गावचा तो एकटाच होता. उरलेल्या तुकड्यावर त्यानं पत्र्याच्या चार खोल्या काढल्या होत्या, आणि त्यातल्या शेवटच्या, नाल्याकडच्या खोलीत देवस्थळीसाहेबांनी शब्द टाकला म्हणून भीमराज-कस्तुराचं बिऱ्हाड होतं.

देवस्थळीसाहेब वेल्फेअर ऑफिसर होते. हे सगळं सुरू होण्याआधी, पावसाळा सरत आला असताना, ते स्कूटरवरून त्या खोलीवर आले, तानुबाईकडून आणलेल्या खुर्चीवर बसले, आणि कस्तुरानं केलेला चहा त्यांनी तिच्याच कपातून न कचरता प्यायला. तेवढ्यानं ती अर्धी जिंकली गेली. माणूस किती स्वस्तात विरघळतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटायचं, जाईला पाजताना, भाकरी थापताना. "खेळ तुझा, नाव त्याचं," साहेब म्हणाले होते. "एकच सीझन. संघ वर नेऊन दाखव. तुला कायम करणं माझ्याकडे लागलं." भीमराज दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "नाव माझंच लावा की साहेब." "अरे वेड्या, टेंपररी माणसाला नाव देता येत नाही. नियम आहे." साहेब हसले. ते वाईट नव्हते. कस्तुराच्या मनात त्यांच्याविषयी तेव्हाही काही वाईट आलं नाही आणि पुढंही त्यांचा धड राग करता आला नाही. तीच एक मोठी अडचण होती.

त्या संध्याकाळी भीमराज नको म्हणत होता. हो म्हणायला लावलं ते कस्तुरानं. "नाव काय ताटात वाढून खायचंय?" ती म्हणाली. "ब्रेक विसरलात का?" ब्रेक म्हणजे कायद्यानं कायम करायची वेळ जवळ आली की कंपनी त्याला घरी बसवायची, आणि काही दिवसांनी नवा माणूस म्हणून परत घ्यायची. मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी. मागच्या ब्रेकात तो चाकणला ट्रक खाली करायला जायचा आणि कस्तुरा पोटुशी होती. दिवसभर पाठीवर पोती वाहून आलेला माणूस रात्री तिच्या पोटावर हात ठेवायचा, तर त्या हाताला कांद्याचा वास यायचा आणि तिला मळमळायचं, आणि हात काढा असं तिला म्हणवत नसे. तो वास तिला नको होता. बास. "खेळा. कोण काय म्हणून हाक मारतंय ते ऐकू नका." भीमराज डाव्या पायाचा तळवा चोळत बसला. मग म्हणाला, "तुला काय माहीत गं, मैदानात पाय ऐकतो. कान नाही, पायच ऐकतो." तिला ते कळलं नाही. तिला वाटलं, पुरुष लाडात आला की काहीही बोलतो.

तिला ते खडकीला कळलं. थंडी सुरू झाली होती आणि सामना खडकीच्या एका मोठ्या मैदानावर होता. तिचा सासरा कोंडीराम दारूगोळ्याच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झाला होता. मुलाला चेंडू मारायला त्यानंच शिकवलं होतं, सोल्जरांचं बघून बघून, अनवाणी. लहानपणी शाळेत मास्तरांनी पोराचं नाव भिम्या असं लावलं, तेव्हा हा म्हातारा, तेव्हाचा तरुण, शाळेच्या पायरीवर बसून राहिला होता. भीमराज असं लिहिल्याशिवाय उठत नाही म्हणाला. मास्तर चिडले, शिपाई हाकलायला आला. शेवटी संध्याकाळी लिहिलं. ही गोष्ट कस्तुरानं लग्नानंतर इतक्यांदा ऐकली होती की तिला ती पाठ झाली होती, आणि सांगताना म्हातारा दर वेळी त्याच ठिकाणी थांबून पाणी प्यायचा. आता तो तिच्याशेजारी उभा होता, डोक्याला मफलर गुंडाळून. त्याला सगळं सांगितलेलं होतं. तो फक्त "बरं" म्हणाला होता. भोवती सगळी खडकी जमली होती, लहानपणापासून पोराला ओळखणारी, आणि त्या सगळ्यांनाही म्हाताऱ्यानंच आधी फिरून बजावलं असावं, कारण कुणी हाक मारत नव्हतं. भीमराजकडं चेंडू गेला की त्या बाजूला एकदम शांत व्हायचं, मयताच्या घरापुढून जाताना होतं तसं. मग त्यानं डाव्या अंगानं दोघांना मागं टाकलं आणि चेंडू जाळीत गेला. कंपनीचे लोक दत्ता, दत्ता ओरडायला लागले. खडकीचे लोक टाळ्या वाजवून थांबले. आणि म्हाताऱ्यानं मफलर तोंडावरून खाली ओढला, घसा खाकरला आणि सगळ्या जोरानं ओरडला, "शाब्बास! शाब्बास रे दत्ता!"

भीमराजनं त्या बाजूला बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरलं होतं. पण कस्तुराला दिसलं, की गोल मारून परतताना धावता धावता त्याचा पाय एकदाच, उगीचच, सपाट जमिनीवर अडखळला. म्हातारा नंतर तिच्याकडं वळून म्हणाला, "पोरीला थंडी वाजंल, कान झाक तिचे," आणि जाईचे कान त्यानं स्वतःच हातांनी झाकून धरले. परत येताना बसमध्ये कस्तुरा खिडकीशी बसली. तिच्या डोक्यात एकच येत होतं, की हे आपण करायला लावलं; पण ब्रेकही आपणच सोसलाय, असंही लगेच मागून येत होतं. या दोन गोष्टी भांडत नव्हत्या. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बायांसारख्या धक्के खात नुसत्या बसून होत्या.

मग तळेगावला डावा गुडघा गेला. समोरच्या संघाच्या एका दांडग्या बॅकनं भीमराजला बाजूनं येऊन कापलं. चेंडू केव्हाच पुढं गेला होता. कस्तुरा त्या दिवशी गेली नव्हती. तिला ते रात्री भीमराजच्या तोंडून कळलं. कंपनीच्या गाडीत त्याला मागच्या आडव्या सीटवर निजवलं होतं, आणि देवस्थळीसाहेब काळजीनं पुढून म्हणाले होते, "दत्तोबाला रजा टाकायला लावली पाहिजे. एवढं सगळ्यांनी बघितलंय, उद्या तो टणटणीत फिरताना दिसला तर पंचाईत." "आणि मी, साहेब?" "तू? तू तर आज शॉपमध्ये होतास ना." साहेबांनी हे चेष्टेनं म्हटलं नव्हतं. ते पुढं म्हणाले, "रजा घेऊ नकोस, ऐक माझं. आत्ता रजा पडली तर ब्रेक देतील आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. मशीनवर उभा तर राहायचंय."

तेव्हापासून काळेवाडीत एक खेळ सुरू झाला. सकाळी भीमराज खोलीतून निघायचा. दारापर्यंत तो कस्तुराच्या खांद्याचा आधार घेऊन यायचा. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना खांदा सोडायचा, ताठ व्हायचा आणि चालायला लागायचा, सरळ, एक पाऊल दुसऱ्याएवढंच टाकत. समोर ओट्यावर दत्तोबा बसलेला असायचा, गुडघ्याला ही जाडजूड पट्टी गुंडाळून, पाय लांब करून. न्हावी घरी येऊन त्याची दाढी करून जायचा. सरूबाईचा नवरा रोज विचारायचा, "आज कसा हाय पाय, दत्ताभाऊ?" आणि दत्तोबा सुरुवातीला नुसता हूं म्हणायचा. तो साधा, लाजरा माणूस. खोटं बोलायला लागलं की कानाची पाळी ओढायचा. पण लोक विचारत राहिले. मग तो सांगायला लागला. तो बॅक कसा आला, चेंडू कुठं होता, हाडाचा आवाज कसा झाला. हे सगळं त्यानं भीमराजकडूनच ऐकलं होतं. हळूहळू त्यात भीमराजनं न सांगितलेलं असंही काही यायला लागलं. पाय मुडपला तेव्हा आभाळात एक घार होती म्हणे. "काय भीमराज, ड्यूटी का?" तो ओट्यावरून विचारायचा, थोडा खजील होऊन. "हो, ड्यूटी," भीमराज म्हणायचा आणि ताठ चालत वळणापर्यंत जायचा. वळणापलीकडं तो कसा चालायचा ते कस्तुरानं एकदा जाईला घेऊन मागं मागं जाऊन बघितलं आणि पुन्हा गेली नाही. प्रेसवर उजव्या पायानं पेडल मारायचं, म्हणजे सगळा भार डाव्यावर. पाळी संपेपर्यंत. तोंडातून आवाज निघायचा नाही, कारण फोरमनला कळलं तर डॉक्टरकडं पाठवेल. रात्री ती मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून गुडघ्यावर ठेवायची. गुडघा कसला, ताज्या मडक्यासारखा गोल आणि गरम. तिला हसू यायचं कधी कधी. एक धडधाकट माणूस बसून लंगडतोय आणि एक लंगडा उभ्यानं धडधाकट आहे, आणि पगार दोघांचाही चालू. मग जाई दचकून उठेल म्हणून ती ते हसू पदरात दाबायची.

शेवटचा सामना कंपनीच्याच मैदानावर होता. जिंकला तर संघ वर जाणार होता, आणि दुसऱ्या कुणाकडून गोल होत नव्हते. देवस्थळीसाहेब निरोप घेऊन आले नाहीत, फक्त निरोप आला: दत्तोबाची रजा संपली, त्यानं पट्टी सोडून भीमराजच्या मशीनवर जायचं आणि भीमराजनं मैदानात. कस्तुरानं आपलं जुनं लुगडं फाडून गुडघा आवळला. "नका जाऊ," असं ती या खेपेला म्हणाली असती. ते शब्द तिच्या तोंडात आले होते. पण पट्टी आवळताना भीमराजनंच विचारलं, "घट्ट झालीय ना?" आणि ती म्हणाली, "झालीय." त्या दिवशी तारेच्या कुंपणापाशी तिच्या शेजारी तानुबाई येऊन उभी राहिली. जमीन गेल्यापासून ती पहिल्यांदाच तिथं येत होती. किती वेळ ती सामन्याकडं बघतच नव्हती. "त्यो खांब हाय न्हवं," ती गोलकडं बोट करून म्हणाली, "तितं आमची इहीर हुती. हिकडं समदी बाजरी. राखणीला आमी दोघं माळ्यावर निजायचो." दुसऱ्या हाफमध्ये भीमराजकडं चेंडू आला. तो धावत नव्हता, फेकला जात होता. तरी तो पोचला आणि चेंडू त्या दोन खांबांच्या मधून आत गेला, जिथं विहीर होती तिथं. दत्ता, दत्ता, सगळं मैदान ओरडत होतं. तानुबाईनं तार दोन्ही हातांनी धरली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आमच्या वावरात," ती म्हणत होती, "आमच्या वावरात माज्या धन्याचं नाव." तिला सगळं माहीत होतं आणि ती खरंच रडत होती. कस्तुराला तिचा राग करायचा होता. तोही तिला धड करता आला नाही. पलीकडं भीमराज जमिनीवर बसला होता आणि उठत नव्हता.

साहेबांनी शब्द पाळला. तेच तर. भीमराजचं नाव त्यांनी खरोखर कायम करायच्या माणसांच्या यादीत पाठवलं, आणि एका सोमवारी त्याला कंपनीच्या डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं. कस्तुरानं त्याला धुतलेला सदरा दिला, जाईकडून त्याला टाटा करवलं. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे तपासले, आणि म्हणाले, "खाली बसा. आता उठा." तो बसला. उठता येईना. टेबलाला धरून उठला. "हे कशानं झालं?" भीमराजनं विजारीचा पाय खाली ओढला. "शॉपमध्ये लागलं का?" शॉपमध्ये लागल्याची कुठं नोंद नव्हती. "खेळता का काही?" "नाही," भीमराज म्हणाला. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, चक् चक् केलं आणि अनफिट लिहिलं. देवस्थळीसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बसवून घेतलं, पाणी दिलं. "मी पाठवलं होतं रे तुझं नाव. तूच बघितलंस. डॉक्टरपुढे माझं काय चालणार?" त्यांचे डोळे ओले झाले होते असं भीमराज म्हणाला. पहिल्या डिव्हिजनसाठी कंपनीनं पुण्याहून चार पोरं घेतली, आणि ती घेतानाच कायम केली. भीमराजला ब्रेक मिळाला. या खेपेला परत कधी या, ते कुणी सांगितलं नाही.

एकच वाट उरली होती. दत्तोबानं मॅनेजरपुढं जाऊन सांगायचं, की खेळला तो मी नव्हे, पाय गेला तो याचा, कंपनीसाठी गेला. भीमराज म्हणाला, "त्याची नोकरी जाईल." कस्तुरा म्हणाली, "आपली गेली." "जमीन दिलीय त्यानं त्या नोकरीला." "आणि तुम्ही?" तो भिंतीकडं तोंड करून निजला. मग भिंतीलाच म्हणाला, "जा. तू बोल. माझ्यानं नाही व्हायचं." दुपारी जाई निजली तेव्हा कस्तुरा निघाली. बोलायची वाक्यं तिनं भांडी घासताना जुळवली होती, आधी नरमाईची, मग न ऐकलं तर दुसरी. पुढच्या ओट्यावर कुणी नव्हतं. ती वळसा घालून परसदारी गेली. तिथलं दार नुसतं लोटलेलं होतं, तिनं ते ढकललं.

आत, चुलीजवळ, दत्तोबा पोत्यावर बसला होता. सामने संपून महिना होऊन गेला होता, पट्टी केव्हाच सुटली होती, पुढचं दार बंद होतं आणि बघायला कुणीही नव्हतं. तानुबाई तव्यावर निरगुडीचा पाला गरम करत होती आणि चटके बसत असताना हातांनी उचलून त्याच्या गुडघ्यावर घालत होती. दत्तोबानं डोळे मिटले होते. "आगं आई गं," तो हळू, आतून कण्हला, "हळू, हळू घाल. तितंच." गुडघा साधा, सुका, कातळासारखा धड होता. त्याच्या कपाळावर मात्र घाम होता. दुखणारा माणूस कसा कण्हतो ते कस्तुराला कुणी शिकवायला नको होतं. तानुबाईनं मान वर केली. तिला काही लपवायचं आहे असं दिसलं नाही. "ये, बस," ती म्हणाली. "रातभर डोळा न्हाई बघ यांचा. थंडी पडली की लई ठणाकतोय. काय काम हुतं?" दत्तोबानं डोळे उघडले, कस्तुराला बघितलं आणि त्याचा हात कानाच्या पाळीकडं गेला नाही. तो गुडघ्यावरच राहिला. कस्तुरानं जुळवलेली वाक्यं शोधली. ती सगळी होती, जागच्या जागी. फक्त ती ज्या माणसाला सांगायची होती तो तिथं नव्हता. "काही नाही," ती म्हणाली. "सहज आले." तानुबाईनं उरलेला पाला केळीच्या पानात बांधला. "भीमराजचा बी पाय दुखतुय न्हवं, उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन? घेऊन जा," म्हणाली आणि पुडा कस्तुराच्या पदरात वरून सोडला.

ती खोलीत परतली तेव्हा भीमराज उठून बसला होता. जाई त्याच्या चांगल्या मांडीवर डोकं ठेवून झोपेतच अंगठा चघळत होती. कस्तुरानं स्टोव्ह पेटवला, तव्यावर पाला टाकला, त्याच्या गुडघ्यावर तो घातला आणि वरून फडकं गुंडाळायला लागली.

"बोललीस?"

"नाही."

"का?"

तिनं फडक्याची दोन टोकं घेतली. "त्याचा जास्त दुखतोय," ती म्हणाली, आणि अंगातल्या सगळ्या जोरानं तिनं गाठ आवळली. भीमराजच्या मानेची शीर ताठ झाली. तोंडातून हूं की चूं निघालं नाही. प्रेसवर उभं राहून राहून त्याला ती सवय लागली होती.